तेलाची टंच

आवं,

काल गिरणीत मला वाटलं, मी आता मरते. हे तुमच्याशिवाय कुणाला सांगू? तोंडानं तर मला सांगताच येत नाही. म्हणून लिहिते.

दळण लावलं होतं. ज्वारी निम्मी उतरली असेल, तेवढ्यात एकदम छाती आवळली. श्वास वरच्या वर अडकला. तळहात ओले झाले आणि कानात गिरणीच्या पट्ट्यापेक्षा माझ्याच काळजाचा आवाज मोठा व्हायला लागला. पिठाच्या धुरळ्यात सगळ्या बायका पांढऱ्याफटक दिसत होत्या. वाटलं, झालं, चालले. तुम्हाला जाऊन महिनासुद्धा झाला नाही. मला खरं तर वाटायला हवं होतं की बरं झालं, तुमच्याकडं निघाले. तसं काही वाटलं नाही हो. नुसती भीती वाटली. कापायला नेलेल्या जनावराला वाटत असेल तशी. आणि त्या भीतीतच मला कळलं, की गेलं वर्षभर दिवस कलला की तुम्ही माझं मनगट का धरून बसायचा.

वन्सं माझ्याबरोबर होत्या. तुमचा तेरावा झाला तरी त्या पलूसला परत गेलेल्या नाहीत. त्यांनी मला पोत्यावर बसवलं, पदरानं वारा घातला आणि गिरणीवाल्यावर ओरडल्या, "बंद कर रं तुजी ती गिरण! हितं माणूस चाललंय आन तू पीठ पाडतूयास व्हय!"

गावातल्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी कागदाची पट्टी काढून काळीज तपासलं. काळजाला काही नाही म्हणाल्या. माणूस गेल्यावर असा जीव घाबरतो, पुन्हा झालं तर सांगलीला दाखवा म्हणाल्या.

पुन्हा झालं. आज सकाळी, साधा चहा गाळताना. गाळणी हातातून पडली आणि मी ओट्याला धरून खाली बसले. वन्सं आल्या, माझ्याकडं बघितलं, आणि देवळीतली तुमच्या तेलाची बाटली आणून माझ्यापुढं ठेवली.

"घे. माझ्या बाळूला ह्यानंच धीर यायचा. दोन थेंब जिभंखाली सोड आन गप पडून ऱ्हा."

मी मान हलवली.

"न्हाई म्हंजी? आगं, एवढ्या लांबनं पोरानं मागवल्यालं. वाया घालवतीस?"

याच वन्सं पहिल्या दिवशी काय म्हणाल्या होत्या ते आठवतं का तुम्हाला? पण ते पुढं सांगते. अमोलचाही दुपारी मदुरैवरून फोन आला. "आई, तेल अजून अर्धी बाटली आहे ना? घे की. बाबांना तरी उपयोग झाला होताच की."

झाला होता का हो? तेवढंच तर आपलं ठरायचं राहिलं होतं. आपलं भांडण अर्ध्यावर टाकून तुम्ही गेलात, आणि सगळे मला म्हणतात ते जिभेवर ठेव. मी कशी ठेवू?

*

मदुरैच्या दुकानातले दिवस मला रोज आठवतात. पुढं तुमची गलाईची, सोनं गाळायची भट्टी, मागं माझी चूल. सोनारांचं मोडीचं सोनं यायचं, तुम्ही ते मुशीत वितळवायचा, तेजाबात उकळायचा, आणि तळाशी मातीसारखी तांबूस भुकटी राहायची. ती पुन्हा भट्टीत गेली की पिवळी धमक होऊन यायची. मी लग्न होऊन गेले तेव्हा त्या धुरानं माझ्या डोळ्यांतून महिनाभर पाणी गळत होतं. तुम्हाला त्याचं काहीच नसायचं. तुमचं नाक त्या तेजाबानं कधीच घालवलं होतं. माझी आमटी करपली तरी तुम्ही दोन वाट्या मागून घ्यायचा, आणि मी मनातल्या मनात देवाचे आभार मानायची.

मी बोलायची नाही. तमिळ येत नव्हतं म्हणून नाही, मराठीतही बोलायची नाही. तुम्ही पुढून हाक मारायचा, "ए मुके, जिवंत हायस का?" मी भांडं वाजवायची. म्हणजे हो. शेजारच्या दुकानातले लोक विचारायचे, गलाईवाल्याची बायको खरंच मुकी आहे का. तुम्ही म्हणायचा, "मुकी न्हाई, दाबून बोलती." एवढ्या वर्षांत तुम्ही मला एकदाही चारचौघांत बोल म्हणून ढकललं नाही. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. लई उपकार होते ते.

मग तुमची पाठ दुखायला लागली. आधी वाटलं भट्टीपुढं वाकून वाकून असेल. दुकान अमोलकडं देऊन आपण विट्याजवळच्या आपल्या गावी आलो, सांगलीला दाखवलं, आणि कळलं की कॅन्सर आहे आणि तो मणक्यात उतरला आहे. मी ऐकत होते. डॉक्टर तुमच्याकडं बघून बोलत होते आणि तुम्ही त्यांच्या टेबलावरच्या पितळी गणपतीकडं बघत होता. बाहेर आल्यावर पहिलं काय बोललात? "त्यो गणपती पितळंचा हाय, सोन्याचं पाणी दिल्यालं हाय नुसतं." मला हसावं का रडावं कळेना.

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी विचारलं, "शून्य ते दहामध्ये सांगा, किती दुखतंय?"

"साहेब, त्ये धाचं मला जमत न्हाई. आण्यात सांगू का?"

"सांगा."

"आज बारा आणं हाय. सोळा झालं की मी तुमच्याफुडं बसायला येणारच न्हाई."

डॉक्टरांना तुम्ही आवडला होता. ते पुढं कायम आण्यातच विचारायचे.

*

दुखणं बारा आण्यांवर गेलं तेव्हा डॉक्टरांनी मॉर्फिनच्या गोळ्या लिहून दिल्या, आणि तिथून आपलं सगळं बिघडलं. तुम्ही त्या आणल्या, घरी येऊन डाळीच्या डब्यामागं ठेवल्या, आणि हात लावला नाही.

"अफू हाय ती. अफूची सवं लागली की माणूस संपला."

मी म्हटलं, "डॉक्टर म्हणले न्हाई लागत. दुखण्यापुरतीच देतात."

"आन दुसरं सांगू? ती गोळी द्यायला लागली म्हंजी डॉक्टरनं हात टेकलं. मी आजून हात टेकलं न्हाईत."

हे खरं कारण होतं. मला कळत होतं. ती गोळी तोंडात टाकणं म्हणजे तुमच्या लेखी सही करण्यासारखं होतं. म्हणून तुम्ही सोसत बसलात. उशीचं टोक दातांत धरायचा आणि मला वाटू नये म्हणून मध्येच विचारायचा, "आज भाजी कसली केलीयास?" मी सांगायची मेथी. थोड्या वेळानं पुन्हा विचारायचा. मी पुन्हा सांगायची मेथी. आणि ऊन उतरलं की भीती यायची. ज्या हातानं दुसऱ्यांचं किलोकिलोनं सोनं न थरथरता ओतलं, तो हात माझं मनगट धरायचा. "सुमन, कुटं जाऊ नगंस." मी म्हणायची, मोरीत जाऊन येते. "तितं पन नगंस जाऊ."

अमोलनं तेव्हा ते तेल धाडलं. भांगेच्या झाडापासून काढतात म्हणाला. तो त्याला सीबीडी म्हणायचा, वन्सं गांजाचं तेल म्हणायच्या, तुम्ही नुसतं थेंब म्हणायचा. त्यानं कुणा वैद्याशी फोनवर तुमचं बोलणं करून दिलं होतं, वैद्यांनी लिहून दिल्यावर त्याच्या दोन बाटल्या पार्सलनं आल्या. नशेचा भाग यात नावालाच असतो, दुखणं पण कमी होतं आणि जीव घाबरणं पण, असं अमोलनं मोबाईलवर वाचलं होतं. बाटलीवर सगळं इंग्रजी. माझी शाळा चौथीपर्यंतची, मला त्यातला फक्त पानाचा छाप कळला.

वन्संना नेमकं त्याच दिवशी यायचं होतं.

"काय गं ह्ये? वास कसला येतूया ओल्या गवतागत?"

मी तुमच्याकडं बघितलं. तुम्ही सांगितलं.

"गांजा? सुमन, माझ्या बाळूला गांजा पाजतीस व्हय गं? आगं, म्हातारपनी ह्याला गोसावी करायचा हाय का?"

"आक्का, म्हातारा कुनाला म्हंतीस? तू माज्यापेक्षा थोरली हायस."

"त्येच सांगतीया! अफूची गोळी नगं म्हंतूस आन गांजाचं त्याल चालतंय तुला? लय शाना हायस!"

तुम्ही म्हणालात, "त्याल नैसर्गिक हाय." वन्सं म्हणाल्या, "तंबाखू बी नैसर्गिकच हाय की रं!" आणि तिघंही हसलो. या घरात तेव्हा हसणं होतं.

सांगलीच्या डॉक्टरांना सांगू नको असं तुमचं म्हणणं होतं. मी पहिल्यांदा तुमचं ऐकलं नाही. त्यांच्या टेबलावर बाटलीच ठेवली. बोलता येत नाही तर निदान ठेवता तरी येतं. ते चिडले नाहीत. बाटली वाचली आणि म्हणाले, "बरं केलंत आणलीत. असं काही चालू असेल तर माझ्यापासून लपवू नका. याचं दुसऱ्या गोळ्यांशी पटत नाही कधीकधी, गुंगी वाढते, लिव्हर तपासावं लागतं." मग तुमच्याकडं वळले. "भीती थोडी कमी झाली असं काही लोक सांगतात. होत असेलही. पण ठामपणे सांगावं एवढं अजून आमच्या हातात नाही. दुखण्यासाठी मात्र मी यावर विसंबणार नाही. तुम्ही मॉर्फिन घ्या."

घरी येताना एसटीत तुम्ही म्हणालात, "त्यानला बी ठावं न्हाई. ठावं न्हाई म्हंजी माल टंचला लावाय पायजे."

*

टंच म्हणजे सोन्याचा खरेपणा काढणं, हे मला दुकानात राहून कळलं होतं. कसं काढतात ते तुम्ही त्या दिवशी पहिल्यांदा मला नीट सांगितलं. संशयाच्या तुकड्याशेजारी ओळखीचा तुकडा ठेवायचा, दोन्ही एकाच भट्टीत, एकाच तेजाबात घालायचे. आणि जो टंच काढतो त्याला कुठला तुकडा कुणाचा ते सांगायचं नाही. तुमच्या वडिलांनी दुकानात हा नेम घातला होता. माहीत असलं की मन जिकडं असतं तिकडं तराजू झुकतो म्हणायचे.

"पयली बाटली संपलीया न्हवं? ती धुऊन ठेव. त्यात घरातलं शेंगत्याल भर. दोन बाटल्या झाल्या. आठ दिस एकीतलं दे, आठ दिस दुसरीतलं. आधी कुटली त्ये तुज्या मनाला यील तसं. मला सांगू नगंस."

"चवीनं कळंल की."

"मला? मला रॉकेल पाजलंस तरी कळायचं न्हाई." खरं होतं. नाक तेजाबानं नेलं होतं आणि उरलीसुरली चव औषधांनी.

"आन खरं निघालं तर?"

"तर गोळ्या नगंत. कायमच्या."

"आन खोटं निघालं तर?"

तुम्ही चादरीची कड सरळ केलीत. मग म्हणालात, "तर तू म्हंशील तसं."

सगळं तुम्ही माझ्यावर टाकलं होतं. आणि माझा चेहरा तर तुम्हाला पाटीसारखा वाचता यायचा. ते तुम्हालाही माहीत होतं. म्हणून संध्याकाळी मी बाटली घेऊन आले की तुम्ही डोळे गच्च मिटायचा आणि जीभ वर करायचा. एवढा मोठा माणूस, मिशा पांढऱ्या, आणि पोलिओच्या थेंबाला बसलेल्या पोरागत तोंड उघडून. मला हसू यायचं. "हसू नगंस, हसन्यावरनं बी मला कळंल." मग मी ओठ दाबून थेंब सोडायची. थोड्या वेळानं विचारायची, "किती आणं?" तुम्ही सांगायचा.

पहिले आठ दिवस दहा, बारा, दहा असंच चाललं. नंतरचे आठ दिवस आठ, नऊ, एकदा तर सहा. तुमचा चेहरा उजळला होता. वन्संना फोन करून म्हणालात, "आक्का, गांजाला लागलोय बग मी." सोळा दिवस झाले त्या संध्याकाळी तुम्ही उशीला टेकून बसलात आणि दुकानात गिऱ्हाईकाला सांगावं तसं मला सांगितलंत, "आदी शेंगत्याल हुतं. मागनं खरं. फरक मला सोच्छ कळला. बोल."

मी उठले. आत गेले, शेंगतेलाची किटली घेतली आणि तुमच्यापुढं आणून ठेवली.

"काय ह्ये?"

"मागनं हे हुतं."

तुम्ही किटलीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि असे हसलात की पाठ धरून कण्हायला लागलात. "म्हंजी आट दिस मी भज्याच्या त्यालानं बरा हुईत हुतो व्हय गं!" मीही हसले. आणि हसता हसताच तुम्ही भिंतीकडं तोंड केलंत.

त्या वेळी मला वाटलं, मी तुमच्या हातातली काठी काढून घेतली. खोटं सांगता आलं असतं. एक शब्द, "व्हय." तुम्हाला आयुष्यात कळलं नसतं. मी तिथंच जमिनीवर बसून राहिले. भाकरी टाकायची वेळ टळून गेली. मग तुम्ही भिंतीकडं तोंड करूनच म्हणालात,

"टंच लागली. दुखण्याला माल कच्चा हाय. ती डाळीच्या डब्यामागची गोळी आन हिकडं."

माझा शब्द आयुष्यात कुणी एवढा खरा धरला नव्हता हो. माहेरी नाही, सासरी नाही. पुढची वाट कशी आहे ते माहीत असून, नुसत्या माझ्या किटलीवर विश्वास ठेवून तुम्ही ती गोळी गिळलीत.

तीन-चार दिवसांत दुखणं पाच आण्यांवर आलं. तुम्ही अंगणात खुर्ची टाकून बसायला लागलात. उसाच्या गाड्या मोजायचा, ड्रायव्हरना हाका मारायचा. कसली सवय लागली नाही, कसली झिंग आली नाही. नुसतं पोट साफ होईना म्हणून तुम्ही डॉक्टरांना शिव्या द्यायचा. आणि एकदा भाजी निवडताना माझ्याकडं न बघता म्हणालात, "एवढं दिस उगंच सोसलं गं म्या." ते वाक्य माझ्यातून जात नाही. जेवायला बसले की ते ताटात येऊन बसतं.

*

पण भीतीचं मिटलं नाही. तिथं आपलं भांडण होतं.

तुमचं म्हणणं, दुखण्याला नसेल पण भीतीला थेंब लागू होते. पहिल्या आठ दिवसांत, खरं तेल होतं तेव्हा, तुम्ही माझं मनगट कमी धरलं होतं. ते मलाही मान्य होतं. दुखत जास्त होतं, तरी भीती कमी होती. पण त्याच आठ दिवसांत अमोल आला होता, नातीला घेऊन. ती चिमणी दिवसभर तुमच्या पोटावर बसून मिशा ओढत होती. मी म्हटलं, भीती तिनं घालवली, तेलानं नाही.

"तुला काय म्हाईत?"

"भट्टी एक नव्हती. तुमीच म्हणला हुता एका भट्टीत घालायचं. एका आठवड्यात नात हुती, दुसऱ्यात नव्हती."

तुम्ही डोळे मोठे करून माझ्याकडं बघितलंत. "तू कवापास्नं गलाईवाली झालीस गं? मुकी मुकी म्हंता माजंच दुकान हानून पाडाय लागलीस!"

"खरं हाय का न्हाई?"

"खरं हाय. पन माज्या जिवाला जे कळलं त्ये बी खरं हाय."

यावर आपण रोज भांडलो. किती गोड भांडण होतं ते. मी आयुष्यात कुणाशी एवढं बोलले नव्हते. शेवटी ठरलं, भीतीची टंच वेगळी काढायची. पुन्हा आठ आणि आठ. या खेपेला घरात पाहुणा नको. "कुनी आलंच तर दारातनंच लावून दिऊ. आक्काला बी." डॉक्टरांना विचारलं, तुमच्या गोळ्यांबरोबर एवढे थेंब चालतील का. ते म्हणाले चालतील, पण गुंगी वाढली तर लगेच कळवा.

पहिले आठ दिवस पार पडले. तुम्ही डोळे मिटायचा, जीभ वर करायचा. दिवस कलायचा आणि तुम्ही खुर्चीतच असायचा. एका संध्याकाळी तर मलाच म्हणालात, "जा की मोरीत. हितं काय बसलीयास?"

ते खरं तेल होतं. तुम्ही विचारलं नाहीत, मी सांगितलं नाही, नेमच तसा होता. पण नुसत्या त्यावरून काय ठरतं? तोवर गोळ्यांनी दुखणं उतरलं होतं. दुखणं उतरलं की भीतीही उतरत असेल. शेजारी ओळखीचा तुकडा लागतो. दुसरे आठ दिवस लागतात. ते आलेच नाहीत. नवव्या दिवशी तुम्हाला ताप भरला, पुढं तुम्ही बोलायचे थांबलात, आणि भर दुपारी, रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर गाणी लावून चाललेला असताना, तुम्ही माझ्याकडं बघितलंत.

मी त्याच बघण्यापाशी अडकले आहे. तुमचा हात माझ्या मनगटावर होता. पण तुम्ही ते धरलं होतं का नुसतं ठेवलं होतं, ते मला कळलं नाही. धरलं असेल तर तुम्हाला भीती वाटत होती. ठेवलं असेल तर नव्हती. मी किती वेळा डोळ्यांपुढं आणते. माझंच मनगट माझ्या दुसऱ्या हातानं धरून बघते, मग नुसतं ठेवून बघते. कळत नाही. वन्सं म्हणाल्या, शांत गेला. सगळ्यांच्या माणसांबद्दल तसंच म्हणतात. तुम्ही घाबरत गेलात का हो? एवढं एक सांगून जायला हवं होतं. किती आणे, एवढंच.

*

आता ती भीती माझ्याकडं आली आहे. तुम्ही सोडलेले कपडे, चपला, सगळं वन्संनी आवरलं. ही कुणाला देता आली नाही.

मला बरं व्हायचं आहे. हे लिहायलाही लाज वाटते. माणूस जाऊन महिना नाही आणि बाईला बरं व्हायचं आहे. पण गिरणीत झालं तसं मला पुन्हा नको. मी आज दुपारी बाटली उघडली होती. वास घेतला. मला वास येतो, चवही कळते, मला फसवायचं तर तुमच्यापेक्षा अवघड आहे. नाकाला चिमटा लावून आणि आधी मिरची चावून जमेल का, असलाही विचार केला. वेड्यासारखं वाटेल. पण मला कळून घ्यायचं आहे. तेल मला लागू पडतं का मी नुसती तुमची बाटली हातात धरल्यानं गप्प होते, हे कळल्याशिवाय मी रोज ते घेत बसले, तर मी कशाच्या आधारावर उभी आहे तेच मला कळणार नाही.

वन्संना विचारलं. धीर करून, तोंडानं विचारलं. दोन बाटल्या, आठ आठ दिवस, मला सांगायचं नाही.

"आगं, मी कशी गप बसू आट दिस? माज्या तोंडात तीळ भिजत न्हाई. पयल्याच दिशी म्हनंन, घे गं बाई, ह्यातलं चांगलं हाय." मग माझ्याकडं बघून एकदम रडायलाच लागल्या. "तुमी दोगं काय येड्यागत खेळ करीत हुता गं."

अमोलला तिथून जमणार नाही. त्याला म्हटलं तर तो म्हणतो, "आई, एवढं काय त्यात? घे आणि बघ." घेऊन बघितलं तर जे बघायचं असतं तेच दिसतं, हे त्याच्या आजोबांच्या दुकानात बसून त्याला कुणी सांगितलं नसेल का?

उद्या मी सांगलीला जाते. वन्सं बरोबर येतील, पण आत एकटी जाणार आहे. डॉक्टरांपुढं आजवर तुम्हीच बोललात, उद्या मला बोलावं लागेल. छाती कशी आवळते ते सांगेन. ते गोळी देतील ती घेईन. तुमच्यासारखी अडून बसून सोसणार नाही, तेवढं मी तुमच्याकडून शिकले. तेलाचं विचारलं तर ते पुन्हा तेच म्हणतील, काही लोकांना बरं वाटतं. मला त्या काही लोकांचं काय करायचं आहे? मला तुमचं हवं होतं. आता माझं हवं आहे.

पण टंच एकट्यानं काढता येत नाही हो. बाटली भरणारा एक लागतो, आणि त्याच्यावर विश्वास ठेवून डोळे मिटणारा एक. मी डोळे मिटायला तयार आहे. भरायला कुणी नाही.